झोंबी मालिकांतले पहिले काही तास: पात्रं असं का वागतात? (स्पॉयलर आहेत)

रातकिडा (धागाकर्ता)

मंडळी, झोंबीची मालिका बघताना पहिल्या एक-दोन भागांत प्रत्येकाच्या तोंडून एकदा तरी निघतंच, "अरे, पळ ना!" हा धागा त्याच क्षणांसाठी आहे. साथ येऊन वर्ष उलटल्यावरच्या टोळ्या, कुंपणं, खलनायक हे सगळं बाजूला ठेवू. फक्त पहिले काही तास, फार तर पहिले दोन-तीन दिवस.

माझं म्हणणं असं आहे. पात्राला झोंबी ही गोष्टच माहीत नसते. त्यामुळे समोर जे दिसतं त्याला ते ओळखीचं एखादं नाव देऊन मोकळं होतं. ताप. नशा. दंगल. वेडाचा झटका. पोरांची थट्टा. मग त्या नावाला धरून ते अगदी शहाण्यासारखं वागतं, आणि त्या शहाणपणापायीच जातं. मालिका जमली की फसली, हे मी त्या चुकीच्या नावावरून ठरवतो. ते नाव बघणाऱ्यालाही पटलं पाहिजे.

यात सगळ्यात पुढे 'फिअर द वॉकिंग डेड'चा २०१५चा पहिला सीझन. सहाच भाग, लॉस एंजेलिस. निक हा हेरॉइनच्या आहारी गेलेला मुलगा. पडक्या चर्चमध्ये नशेच्या झोपेतून उठतो, तर त्याची मैत्रीण ग्लोरिया एका माणसाचे लचके तोडताना दिसते. तो धावत रस्त्यावर येतो आणि गाडीखाली सापडतो. पहिला साक्षीदारच असा निवडलाय की त्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पोलीस नाही, डॉक्टर नाही, आई नाही. त्याचा स्वतःचाही नाही, कारण नशेत काहीही दिसू शकतं हे तोच जाणतो.

निकच्या आईचा, मॅडिसनचा, जोडीदार ट्रॅव्हिस रात्री टॉर्च घेऊन त्या चर्चमध्ये जातो. रक्ताचं थारोळं बघतो. तरी त्याच्या मनात झोंबी येत नाही. नशेचा अड्डा आहे, भोसकाभोसकी झाली असेल. यात न पटण्यासारखं काय आहे?

तुमची उदाहरणं येऊ द्या. फक्त 'मूर्ख होता' एवढ्यावर थांबू नका. कुठे, कशामुळे, आणि त्याला त्या क्षणी काय ठाऊक होतं, ते लिहा.

सांजवात

धागा आवडला. त्याच सीझनमधली शाळाही यात घ्यायला हवी. मॅडिसन तिथे समुपदेशक आहे. फ्लूची साथ म्हणून वर्ग अर्धे रिकामे. मग मुलांच्या मोबाइलवर फ्रीवेवरच्या अपघाताचा व्हिडिओ फिरतो: मेलेला माणूस उठून रुग्णवाहिकेच्या लोकांवर झडप घालतो, पोलीस गोळ्या घालतात, तरी तो पडत नाही. तो व्हिडिओ सगळी शाळा बघते आणि सगळी शाळा त्याचा अर्थ दोनच प्रकारे लावते. एक, बनावट आहे. दोन, पोलिसांनी उगाच माणूस मारला. पुढच्या भागात शहरात निदर्शनं पेटतात ती या दुसऱ्या अर्थामुळे. रस्त्यावर एका बेघर माणसाला पोलिसांनी गोळी घातलेली असते आणि जमाव जाब विचारायला येतो. जमाव चुकीचा नाही. पोलिसांच्या गोळीबारावर चिडायचं कारण त्या शहराकडे आधीपासून होतं. म्हणून साथ तिथे दंगलीच्या वेषात येते, आणि माणसं एकमेकांपासून लांब जायच्या वेळी नेमकी एका चौकात गोळा होतात.

टोबायस हा एकच मुलगा बरोबर ओळखतो. तो सुरा घेऊन शाळेत येतो आणि पकडला जातो. मॅडिसन त्याला सोडून देते, पण त्याचं म्हणणं तिच्या कानाबाहेर राहतं. एकलकोंडा, इंटरनेटवर पडलेला, हातात सुरा. शाळेतल्या समुपदेशकाला अशा मुलाचा एकच अर्थ शिकवलेला असतो.

उंबरठा

रातकिडा, तुमचा ट्रॅव्हिस मला पूर्ण मान्य नाही. चर्चपर्यंत ठीक. पण पहिल्या भागाच्या शेवटी काय होतं बघा. निकच्या हातून त्याला नशा पुरवणारा कॅल्विन मरतो, गोळी लागून. निक, मॅडिसन आणि ट्रॅव्हिस त्या जागी परत जातात, तर कॅल्विन चालत येतो. निक त्याला ट्रकने दोनदा उडवतो, शरीर मोडून पडतं, आणि तरी ते डोकं त्यांच्याकडे वळतं. हे ट्रॅव्हिसने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. त्यानंतरही तिसऱ्या भागात तो सोबतच्या डॅनियलवर चिडतो, का, तर त्याने ट्रॅव्हिसच्या मुलाला, ख्रिसला, बंदूक कशी धरायची ते दाखवलं म्हणून. तिथे चुकीचं नाव वगैरे काही उरलेलं नाही. तिथे नुसता नकार आहे.

रातकिडा

उंबरठा, मुद्दा बरोबर आहे. मी दोन टप्पे करीन. पहिल्यात माणसाकडे माहिती नसते. दुसऱ्यात माहिती असते, पण ती मान्य केली तर कालपर्यंतचं जगणं सोडून द्यावं लागतं. ट्रॅव्हिस दुसऱ्या टप्प्यात अडकलेला आहे आणि पूर्ण सीझन तिथून हलत नाही. मॅडिसन मात्र एका रात्रीत पार होते. दुसऱ्या भागाच्या शेवटी समोरच्या घरात किंकाळ्या चालू आहेत, तिची मुलगी अ‍ॅलिशिया मदतीला धावते आणि मॅडिसन तिला दारात अडवते. कारण दुपारी तिने शाळेत प्राचार्य आर्टीला अग्निशामक नळकांड्याने मारलंय. ओळखीच्या माणसाचं शरीर आणि तो माणूस यांची फारकत तिच्या हातांनी झालेली आहे, ट्रॅव्हिसच्या नाही.

काजवा

वैद्यकीय बाजू लिहितो, कारण पात्र बरोबर वागलं की नाही हे बरंचसं एका आकड्यावर ठरतं: चावल्यापासून माणूस पालटेपर्यंत किती वेळ.

'द वॉकिंग डेड'मध्ये (एएमसी, ३१ ऑक्टोबर २०१०पासून) चावा, मग ताप, मग मृत्यू, मग उठणं. पहिल्या सीझनच्या शेवटी जेनर हा शास्त्रज्ञ सांगतो की मेल्यानंतर उठायला ३ मिनिटांपासून ८ तासांपर्यंत वेळ लागल्याच्या नोंदी आहेत, आणि समोरच्या पडद्यावर असलेल्या रुग्णाला २ तास, १ मिनिट, ७ सेकंद लागले. या जगात घाबरून पळण्याची गरज कमी आणि प्रेतापाशी बसून राहण्याचा धोका जास्त. नातेवाईक तिथेच जातात.

'द लास्ट ऑफ अस'मध्ये (एचबीओ, १५ जानेवारी २०२३) पहिल्याच भागात बॉस्टनच्या भिंतीवर तक्ता दिसतो. मान, डोकं, चेहरा: ५ ते १५ मिनिटं. धड, खांदा, हात: २ ते ८ तास. पाय: १२ ते २४ तास. म्हणजे चावा मेंदूपासून जितका लांब तितका वेळ जास्त. हे तत्त्व रेबीजमधून उचललेलं आहे. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंवरून मेंदूकडे सरकतो, म्हणून चेहऱ्यावरचा चावा पायावरच्या चाव्यापेक्षा घातक मानतात. फरक एवढाच की खऱ्या रेबीजला सहसा दोन-तीन महिने लागतात, मालिकेत तास.

'ऑल ऑफ अस आर डेड'मध्ये (नेटफ्लिक्स, २८ जानेवारी २०२२, १२ भाग) बहुतेकांना मिनिटंही मिळत नाहीत. नाकातून रक्त, हाडांचा कडकड आवाज, आणि माणूस गेला. इथे विचार करणारं पात्र मरतं आणि नुसतं पळणारं वाचतं. त्यामुळे या मालिकेतल्या शाळकरी पोरांची आणि ट्रॅव्हिसची तुलना करणं बरोबर नाही. दोघांची परीक्षाच वेगळी आहे.

एक गोष्ट मात्र सगळ्या मालिकांत खटकते. चावल्यावर जखम कुणी धूत नाही. खऱ्या जगात चाव्याची पहिली कृती एकच आहे, वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुणं. मग लस, आणि जखम गंभीर असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). पात्राला झोंबी माहीत नाही हे मान्य, पण चावणारा माणूस दिसल्यावर रेबीजची शंका तरी यायला हवी. ते सरळ फडकं गुंडाळून मोकळे होतात. लेखक तिथे कमी पडलेत असं माझं मत.

चकवा

काजवा, मग हात-पाय तोडण्याचं काय? 'द वॉकिंग डेड'मध्ये चावल्यावर हर्शेलचा पाय तोडतात आणि तो जगतो.

काजवा

तिसऱ्या सीझनचा पहिला भाग. मालिकेचा नायक रिक जागच्या जागी पट्टा आवळतो आणि कुऱ्हाडीने गुडघ्याखाली पाय तोडतो. त्या जगाच्या नियमात ते बसतं, कारण विष पसरायला तास लागतात. मिनिटांत पालटणाऱ्या जगात त्याचा उपयोग नाही.

पट्ट्याबद्दल थोडं सविस्तर, कारण पडद्यावर हे हमखास चुकतं. रक्त थांबवायचा पट्टा जखमेवर बांधत नाहीत, जखमेच्या वर ५ ते ७ सेंटीमीटरवर, आणि सांध्यावर तर कधीच नाही. कमरेचा पट्टा नुसता हाताने ओढून पुरेसा आवळला जात नाही. फडक्यात काठी अडकवून पीळ घालावा लागतो, रक्त थांबेपर्यंत, आणि काठी सुटू नये म्हणून ती वेगळी बांधावी लागते. वेळ लिहून ठेवायची. ढिला पट्टा न बांधण्यापेक्षा वाईट, कारण शिरा दाबल्या जातात, धमनी वाहतच राहते आणि रक्तस्राव वाढतो.

पाणपोई

'द लास्ट ऑफ अस'च्या पहिल्या भागाबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून? माझ्या मते साथीची सुरुवात एवढी बारकाईने दुसरीकडे कुठेही दाखवलेली नाही.

२६ सप्टेंबर २००३, शुक्रवार, ऑस्टिन. जोएलचा वाढदिवस, घरात तो आणि त्याची मुलगी सारा. आता फक्त खाण्याकडे लक्ष ठेवून तो भाग बघा. सकाळी पॅनकेक करायचे तर पीठच घरात नाही. शेजारचे आजी-आजोबा बिस्किटं देऊ करतात, ती नको म्हणतात. दुपारी त्यांच्याकडे बेदाण्याच्या कुकीज, सारा खात नाही. संध्याकाळी केक आणायचं जोएल विसरतो. दिवसभरात त्या घराच्या पोटात पीठ जात नाही आणि ते का वाचले हे त्यांना कळतही नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी जोएल सोबतच्या एली या मुलीला सांगतो की बुरशी बहुधा पिठातून किंवा साखरेतून पसरली. माल गुरुवारी दुकानात आला, लोकांनी गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी सकाळी खाल्ला, शुक्रवारी रात्रीपर्यंत चावाचावी सुरू झाली, सोमवारपर्यंत सगळं संपलं. आता ती कुकीजची बशी परत आठवा.

रेडिओवर सकाळीच जकार्ताचं नाव येतं. कुणी लक्ष देत नाही, आणि का द्यावं? दुसऱ्या खंडातली बातमी आहे. घड्याळाच्या दुकानात मात्र बाई घाबरून येते, साराला घरी जा म्हणते आणि दुकान बंद करते. अधिकृत घोषणेच्या कित्येक तास आधी दुकानदाराला काहीतरी कळलेलं असतं. दुकानांची शटर भरदिवसा खाली येऊ लागली की शहर बिघडलं, हे दंगली बघितलेल्या आपल्याकडच्या कोणत्याही गावात माणसं ओळखतात.

आणि तो शेजारच्या घरातला प्रसंग. सारा पाठमोरी उभी राहून डीव्हीडी निवडतेय. मागे, कॅमेऱ्याने मुद्दाम धूसर ठेवलेल्या जागेत, व्हीलचेअरमधली म्हातारी थरथरू लागते. तोंड उघडतं, मान मागे जाते. संगीत नाही. सारा वळते तोवर सगळं थांबलेलं असतं. प्रेक्षकाला कळलंय, पात्राला नाही. रातकिडांनी जी दोन टप्प्यांची फोड केली त्यातला पहिला टप्पा इतका नेमका मी दुसरीकडे बघितलेला नाही.

काजवा

बुरशीबद्दल थोडं अवांतर. मुंग्यांना पछाडणारी ऑफिओकॉर्डिसेप्स ही बुरशी खरी आहे. लागण झालेली मुंगी जमिनीपासून साधारण २५ सेंटीमीटर उंचीवर जाऊन पानाच्या शिरेला जबडा रोवते आणि तिथेच मरते. मग डोक्यातून बुरशीचा देठ वर येतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुरशीच्या पेशी मुंगीच्या स्नायूंभोवती जाळं करून सापडल्या, मेंदूच्या आत नाही. माणसाला ती होत नाही, एक कारण आपलं शरीराचं तापमान. मालिकेची सुरुवात १९६८च्या टीव्ही चर्चेने होते आणि तिथला शास्त्रज्ञ हाच मुद्दा मांडतो, की जग तापलं आणि बुरशीने उष्णता सोसायला शिकली तर काय? लेखकांनी वैज्ञानिक अडचण झाकून न ठेवता तिलाच गोष्टीचं दार केलं, हे फार आवडलं.

उंबरठा

आता 'ऑल ऑफ अस आर डेड'मधल्या कोरियन शाळेकडे वळतो. ह्योसान हायस्कूल. प्रयोगशाळेत एका मुलीला हॅम्स्टर चावतो, विज्ञानशिक्षक तिला कोंडून ठेवतो, ती सुटते आणि रक्तबंबाळ होऊन वर्गात येते. वर्ग काय समजतो? शिक्षकाने मुलीला डांबून छळलं. अगदी योग्य शंका. म्हणून तिला आरोग्यखोलीत नेतात, तिथे ती परिचारिकेला चावते, मग रुग्णवाहिका, मग इस्पितळ. प्रत्येकाने आपलं काम चोख केलं आणि शाळेतला रोग शहरात पोचवला. हे नाव सगळ्यात घातक, कारण ते माणुसकीचं आहे. पीडित मुलीला मदत करायची नाही असं कोण म्हणेल?

या मालिकेतला विलगीकरणाचा प्रसंग वेगळा लिहिण्यासारखा आहे. ग्योंग-सू या मुलाच्या हातावर ओरखडा. वर्गातली ना-योन म्हणते, याला बाहेर काढा. मुलं त्याला रेकॉर्डिंगच्या खोलीत वेगळं ठेवतात, वाट बघतात. काही होत नाही. इथवर पोरांनी जे केलं ते कुठल्याही आरोग्य अधिकाऱ्याने केलं असतं: वेगळी खोली, काच, ठरलेला वेळ, सगळ्यांसमोर निकाल. मग ना-योन माफी मागण्याच्या निमित्ताने आत जाते आणि रक्त लागलेला रुमाल त्याच्या जखमेवर फिरवते. का, तर आपण बरोबर होतो हे दाखवायला. नियम उत्तम होता, पण निरीक्षणाच्या काळात रुग्णाला कुणी भेटायचं नाही हे त्यांनी ठरवलंच नव्हतं.

सांजवात

विलगीकरणाचा विषय निघालाच आहे तर 'हॅपिनेस' (टीव्हीएन, २०२१, १२ भाग) बघाच. कोरियातली एक नवीकोरी इमारत, लष्कराने बाहेरून बंद केलेली. यातला रोगी सलग झोंबी नसतो. तहान लागते, डोळे पांढरे होतात, झडप घालतो, आणि मग पुन्हा शुद्धीवर येऊन माणसासारखा बोलतो. सगळी गुंतागुंत त्यातच आहे. पूर्ण पालटलेल्याला बाहेर ठेवणं सोपं. अर्ध्या तासापूर्वी चावलेला आणि आता रडून माफी मागणारा शेजारी, त्याला कुठल्या नियमात बसवायचं?

पहिल्या दिवसापासून तिथे भांडण कशावर होतं? वरचे मजले मालकीचे, खालचे भाड्याचे. लिफ्ट कुणी वापरायची, जिम बंद का, सफाई कोण करणार, रहिवासी प्रतिनिधी कोण. साथ लिफ्टपर्यंत आलीय आणि सभा चाललीय इमारतीचा भाव पडेल म्हणून. आपल्या सोसायट्यांत करोनाच्या काळात कामवाल्या ताईंना लिफ्टबंदीचे फलक लागले होते, तेव्हा हे कोरियातच घडतं असं कुणी म्हणू नये.

गारगोटी

कुणी 'किंगडम'चं नाव घेत नाही म्हणून मी घेतो. नेटफ्लिक्स, जानेवारी २०१९, जोसन राजघराण्याच्या काळातला कोरिया. तिथे ताप, दंगल असली आधुनिक नावंच उपलब्ध नाहीत. तिथलं नाव आहे भूक. दुष्काळात जियुलहॉनच्या दवाखान्यातले उपाशी रुग्ण मांसाचं सूप पितात. मांस कुणाचं आहे ते त्यांना माहीत नसतं.

पण मला सांगायचंय डोंगने या गावाबद्दल. सो-बी ही वैद्य ओरडून सांगते की रात्र व्हायच्या आत प्रेतं जाळा किंवा मुंडकी उडवा. अधिकारी तिलाच पकडतात. कन्फ्यूशियसच्या शिकवणीत शरीर हे आईबापांनी दिलेलं, ते मेल्यावरही छिन्नविच्छिन्न करायचं नाही. त्यातही खानदानी माणसांची प्रेतं. अंधार पडतो आणि आवारात रचलेला ढीग हलायला लागतो. पुढे उरलेल्यांना किनाऱ्यावर सोडून बडी मंडळी जहाजाने पळतात, आणि एक म्हातारी बाई आपल्या मुलाचं प्रेत पेटीत लपवून जहाजावर नेते. तिने कुणाला फसवायचं म्हणून केलं नाही. मुलाला मूठमाती मिळावी एवढीच तिची इच्छा. जहाज त्यानेच बुडतं.

रातकिडांच्या यादीत म्हणूनच आणखी एक नाव घाला: 'आपलं माणूस'. ताप आणि नशेपेक्षा हे जास्त बळी घेतं.

चकवा

गारगोटी, याला जोडून 'ब्लॅक समर'ची (२०१९) सुरुवात. उपनगरातली माणसं घराबाहेर पडून लष्करी ट्रककडे धावतात. रोझ, नवरा, मुलगी. नवऱ्याच्या पोटावर जखम, कपड्याखाली लपवलेली. सैनिक तपासतात, जखम सापडते, मुलगी तोवर ट्रकवर चढलेली, ट्रक निघतो. फार कमी संवादांत कुटुंब तुटतं. इथे चूक ढोबळ आहे: तपासणी होणार हे दिसत असताना तिघं एकत्र रांगेत गेले. आधी मुलीला आणि आईला पुढे जाऊ द्यायचं, जखमीने मागे थांबायचं. पण हे घरात ठरवायला हवं होतं, रांगेत ते ठरत नाही.

आणि लष्कराचा ट्रक म्हणजे सुटका, हे नावही चुकीचंच निघतं. 'फिअर'मध्येही कुटुंब वाळवंटाकडे निघालेलं असताना नॅशनल गार्ड येतं आणि सगळे हायसं वाटून थांबतात. पुढच्या भागात नऊ दिवस उलटलेले असतात आणि वस्तीभोवती तारेचं कुंपण. ते मधले नऊ दिवस गाळले, ही त्या सीझनमधली सगळ्यात मोठी चूक. लोक कुंपणाला कसे सरावले, हेच बघायचं होतं.

पाणपोई

बरोबर वागणारी पात्रंही मोजूया की. माझं मत मॉर्गनला. 'द वॉकिंग डेड'चा पहिला भाग. त्याचा मुलगा रिकच्या डोक्यात फावडं घालतो. मग मॉर्गन काय करतो बघा. आधी रिकला पलंगाला बांधतो. जखम कसली ते विचारतो, चावा की ओरखडा की गोळी. पट्टी सोडून स्वतः बघतो. कपाळाला हात लावून ताप नाही याची खात्री करतो, आणि मगच दोर कापतो. खिडक्यांवर घोंगड्या लावलेल्या, कारण आत उजेड दिसला की ते येतात. दुपारी झाडलेल्या एकाच गोळीच्या आवाजाने संध्याकाळी रस्ता भरलाय, हेही तो सांगतो. त्याच्याकडे पुस्तक नाही, सरकारी सूचना नाहीत. बघून बघून शिकलेला माणूस आहे. आणि त्याच मॉर्गनला खिडकीतून स्वतःच्या बायकोवर गोळी झाडणं जमत नाही. गारगोटीचं 'आपलं माणूस' इथेही.

रिक मात्र पुढे चुकतो. अटलांटाकडे जाताना हायवेचं ते चित्र आठवा. शहराबाहेर येणारी बाजू गाड्यांनी गच्च, आत जाणारी पूर्ण मोकळी, आणि हा घोड्यावरून मोकळ्या बाजूने आत चाललाय. रस्ता त्याला उत्तर सांगत होता. पण अटलांटात निर्वासितांची छावणी आहे हे त्याने ऐकलेलं, आणि बायको-मुलगा तिथेच गेले असतील ही आशा. ऐकलेली बातमी किती जुनी आहे हे त्याने विचारलंच नाही. मग रणगाड्यात अडकल्यावर बंद पोलादी डब्यात पिस्तूल झाडतो आणि कानठळ्या बसून सुन्न होतो. हे मात्र लेखकांनी अचूक दाखवलंय, बहुतेक मालिका विसरतात.

उंबरठा

आपल्याकडच्या मालिकांचं काय? 'बेताल' (नेटफ्लिक्स, मे २०२०) आहे, चार भागांची, दिग्दर्शकांत आपला निखिल महाजन. मराठीत 'झोंबिवली' (२०२२) आहे, पण तो सिनेमा.

गारगोटी

'बेताल'मध्ये गावकऱ्यांकडे नाव तयार असतं, ही त्यातली खरी वेगळी गोष्ट. बोगद्यात बेताल आहे, तो उघडू नका. हळद, मीठ आणि राख हा उपायही त्यांना ठाऊक. बोगदा उघडायला आलेल्या शिकल्यासवरल्या सशस्त्र तुकडीला ती अंधश्रद्धा वाटते. म्हणजे अमेरिकन मालिकेच्या अगदी उलट: तिथे कुणालाच माहीत नसतं, इथे माहीत असलेल्यांचं ऐकायचं नसतं. बीज फार चांगलं होतं. चार भागांत ते फुललं नाही, पळापळीतच संपलं. 'झोंबिवली'त रोग पाण्यातून येतो, आणि डोंबिवलीसारख्या ठिकाणी पाण्याचं दुखणं आधीपासूनच असल्यामुळे तिथेही पहिला संशय झोंबीवर जात नाही. हे लेखनात पक्कं बसलेलं आहे.

चकवा

एक राहिलं: 'डेड सेट', ब्रिटन, २००८, पाच भाग, चार्ली ब्रूकरचं लेखन. 'बिग ब्रदर'च्या घरातले स्पर्धक. घर सीलबंद, बाहेरची बातमी आत येऊ द्यायची नाही हाच खेळाचा नियम. बाहेर देश संपला तरी आत कुणाला पत्ता नाही. कार्यक्रमाच्या सेटवर काम करणारी केली नावाची मुलगी रक्ताने माखून आत येते, तेव्हा आधी त्यांना तो खेळाचाच भाग वाटतो. मराठी 'बिग बॉस' बघणाऱ्यांना हे घर समजावून सांगायला नको.

रातकिडा

वा, धागा मनासारखा चाललाय. चकवांचं उदाहरण टोकाचं आहे म्हणून सगळ्यात स्वच्छ. नियमच असा की बातमी मिळणार नाही.

आता पाणपोई, तुम्ही मागे दुसऱ्या धाग्यावर पाण्याच्या साठ्याबद्दल लिहिलं होतं. पात्रांनी पहिल्या तासात घरात काय करायला हवं होतं, तेही इथे लिहाल का? 'फिअर'मध्ये दिवे गेल्यावर मॅडिसन मुलांना घेऊन मोनोपॉली खेळत बसते. मुलं शांत राहावीत म्हणून ते योग्यच, पण नळाला पाणी असताना एक बादली भरलेली दिसत नाही.

पाणपोई

लिहिते. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, १६ मे २०११ला झोंबीच्या निमित्ताने आपत्तीच्या तयारीचा लेख टाकला होता आणि वाचणाऱ्यांच्या गर्दीने त्यांची वेबसाइट कोलमडली. यादी भूकंप-वादळाचीच, फक्त वेष्टन झोंबीचं. पाणी दर माणशी रोज १ गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. चौघांच्या घराला तीन दिवसांना ४५ लिटर. औषधं, बॅटरीवरचा रेडिओ, साबण, ब्लीच, कागदपत्रं.

पहिल्या तासाचा क्रम माझ्या मते असा. नळ चालू आहे तोवर सगळी भांडी, बादल्या, पिंप भरायची. आपल्या इमारतींत वीज गेली की खालच्या टाकीतून वर पाणी चढत नाही, पण गच्चीवरच्या टाकीत जे आहे ते उताराने येत राहतं, संपेपर्यंत. म्हणून पहिल्याच तासात सगळ्या मजल्यांनी मिळून फ्लशला बंदी घालायची. वरच्या टाकीचं बरंचसं पाणी तिथेच जातं.

पिण्यासाठी १ मिनिट खळखळून उकळायचं. गॅस वाचवायचा असेल तर बिनवासाचं साधं ब्लीच, साधारण ६ टक्क्यांचं, लिटरला २ थेंब. ढवळून ३० मिनिटं थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळायचं आणि थेंब दुप्पट. वासाचं किंवा रंगीत कपड्यांचं ब्लीच अजिबात नाही.

फ्रिज उघडायचा नाही. बंद ठेवला तर आतलं ४ तास टिकतं, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. म्हणून खाण्याचा क्रम आधी फ्रिज, मग फ्रीझर, डबाबंद शेवटी. मालिकांत नेमकं उलटं करतात, पहिल्याच रात्री डबे फोडतात.

फोन लागत नसेल तर मेसेज करायचा. त्याला जागा कमी लागते आणि जाळं गच्च असलं तरी बऱ्याचदा जातो. रिक मॉर्गनला सांगतो ना, रोज पहाटे काही मिनिटं वॉकीटॉकी चालू ठेवीन म्हणून, ती उत्तम पद्धत. ठरलेली वेळ, बाकी वेळ बंद, बॅटरी आठवडाभर पुरते. घरातल्या माणसांनी अशी वेळ आणि भेटायची एक जागा आधीच ठरवलेली असती, तर रोझला मुलीमागे एवढं भटकावं लागलं नसतं.

काजवा

पाणपोई, ब्लीचच्या बाटलीवरचा टक्का वाचायला सांगा. ८.२५ टक्क्यांचं असेल तर गॅलनला ८ ऐवजी ६ थेंब. आणि जुनी बाटली असेल तर जोर उतरलेला असतो. अर्ध्या तासाने पाण्याला क्लोरीनचा किंचित वास यायला हवा. नाही आला तर तेवढेच थेंब पुन्हा आणि आणखी १५ मिनिटं.